मंडईतला तुडतुडा

आधी माझा गाढवपणा सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल उगाच आदर वाटून घ्यायची पाळी तुमच्यावर येणार नाही. कॉलेजात असताना मी एक अभ्यास करायला निघाले होते. माणसं आपल्या शेजाऱ्यांना मारायला कशी तयार होतात आणि त्यांना आधीच कसं थांबवता येईल, असा तो अभ्यास. त्याच्या भरात आमच्या गावाकडे नसलेली एक शिवी मी स्वतः घडवली आणि गावाला देऊन टाकली. फुकटात. वर चालही लावून दिली. आता माझे गुडघे गेले, दाढा गेल्या, चष्म्याचा नंबर तर विचारूच नका. ती शिवी मात्र अजून ठणठणीत आहे.

आमचं गाव सौंदडच्या ठेसनावर उतरून धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे शेतांच्या बांधांवरून, चालत जायचं. घर म्हणजे पुढे ओसरी, मागे परसात शेवग्याचं झाड आणि मध्ये सगळीकडे तेंदूपत्त्याचा वास. माय बिड्या वळायची. ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं मांडीवर घेऊन ती कातरायला बसली की कैचीचा कच-कच-कच असा जो आवाज सुरू व्हायचा, त्यातच आम्ही उठायचो, जेवायचो, भांडायचो. तिच्या सुपातल्या तंबाखूनं पाहुण्यांना शिंका यायच्या, आम्हांला नाही. जेवणात भात, लाखोरीची डाळ, आणि तळ्याला मासे असले की मासे. बाबा दिवसभर दुसऱ्यांच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत, राबायचे, आणि दिवाळी जवळ आली की राजवाड्यात शिरायचे. म्हणजे आमच्या गावच्या दंडारीत. दंडार ठाऊक नसेल तर सांगते: भरदिवसा, उघड्या मैदानात, ढोलकी-टाळावर नाच, गाणी आणि सोंगं. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, त्या जत्रेत दंडारीशिवाय मजा नाही. बाबा नेहमी दुष्ट माणसाचं सोंग घ्यायचे. घरात कोंबडीलासुद्धा "जा ना वो बाई तिकडं" म्हणणारा हा माणूस, मिशी चिकटवली की असा काही हसायचा की पुढच्या रांगेतली लेकरं आयांच्या पदरात घुसायची. "राज्याचं सोंग मले देऊ नको," ते म्हणायचे, "राजा निस्ता बसून राह्यते. लोक तं प्रधानाले पाह्याले येतेत."

हे वाक्य माझ्या कानांवर लहानपणापासून पडत होतं. अक्कल असती तर पुढचं काही घडलंच नसतं.

तळ्याच्या पलीकडे कॅम्प होता. पूर्व बंगालातून जीव घेऊन आलेल्या लोकांना सरकारनं तिथं जमिनी दिल्या होत्या. आम्ही त्यांना कॅम्पवाले म्हणायचो. त्यांच्यातली शेफालीदी माझ्याहून थोडी मोठी, लग्न झालेली. आठवडी बाजारात मासे आणि घरी फोडलेले मुरमुरे विकायची. बाजार आटोपला की उरलेले बारके मासे घेऊन आमच्या ओसरीवर यायची. माय तिला भाजीला काहीबाही द्यायची, ती मायला पानं कातरू लागायची. तिचं मराठी हिंदीवर बसून यायचं आणि मध्येच बंगालीत उतरून जायचं. मायला तिन्ही सारखंच कळायचं. तिच्या सासऱ्यांना सगळे दादू म्हणायचे. उंच, वाकलेले, फार न बोलणारे. त्यांचे दोन भाऊ तिकडेच राहिले, एवढंच शेफालीदीनं एकदा सांगितलं होतं. राहिले म्हणजे काय, ते मायनं विचारलं नाही.

मी छोट्या गाडीनं, म्हणजे अरुंद रुळांवरच्या रेल्वेनं, गोंदियाला कॉलेजात जायची. ती गाडी इतकी हळू चालायची की पोरं उतरून बोरं तोडून परत चढायची. तिथं इतिहासाला बोरकर सर होते. काटकुळे, खांद्याला छत्री, खिशात खडू. त्यांनी आमचं एक अभ्यास मंडळ काढलं होतं आणि फळ्यावर पहिल्याच दिवशी लिहिलं होतं: वंशसंहार. जगात कुठे कुठे लोकांनी शेजारची माणसं मुळासकट उपटली, ते सर सांगायचे, आणि सांगताना खडूचे तुकडे करत राहायचे. "मारणं शेवटी येतं," ते म्हणायचे. "आधी नाव ठेवलं जातं. माणसाला किडा म्हणतात, उंदीर म्हणतात. मग किड्याचं जे करतात ते करायला हात कचरत नाही. तेव्हा तहान लागल्यावर विहीर खणू नका. आपापल्या गावात जा, लोक काय बोलतात ते ऐका, आणि वेळेवर लोकांपुढे बोला."

मला तो शब्द भयंकर आवडला. पहिली नोकरी लागलेला माणूस घड्याळ दाखवतो तसा मी तो शब्द दाखवत फिरायची. पाणी भरताना वंशसंहार, भांडी घासताना वंशसंहार. माय शेवटी म्हणाली, "हा कोणता रोग होय वो? लस निघाली काय त्याची?" मी तिला तुच्छतेनं पाहिलं. दोन वेण्या, शाईचे डाग पडलेली बोटं आणि जगाला वाचवायला निघालेलं नाक! तो फोटो आज असता तर मीच फाडला असता.

गावात मी ऐकायला गेले. दारोदार बसले. कॅम्पवाल्यांबद्दल तुम्हांला काय वाटतं? लोक म्हणाले, मासोळ्यांचा वास येते. म्हणाले, तळ्यात जाळं टाकाले आमच्या ढिवराईले विचारत नाईत; ढिवर म्हणजे आमच्याकडचे मासेमार. म्हणाले, बाया मेहनती आहेत, हो. एक म्हातारी म्हणाली, "बिचारे. काऊन, तुले त्यायच्याकडं सोयरिक करावं लागते काय?" बस. धुसफूस होती, जळफळाट होता, पण सर म्हणाले होते तसा शब्द कुठेच सापडेना. आणि हे खरं सांगते, मी नाराज झाले. गावात पुरेसा द्वेष नाही म्हणून नाराज! ताप मोजायला थर्मामीटर घेऊन निघावं आणि रोगी उठून नांगर धरायला गेलेला असावा, तसं मला वाटलं.

पण मंडई जवळ आली होती आणि दंडारीचा वग लिहायचं काम बाबांनी माझ्याकडे दिलं होतं. मी ठरवलं, हेच आपलं लोकांपुढे बोलणं. गोष्ट रचली: नदीपलीकडे परमुलखातून आलेली माणसं राहतात; प्रधानाला त्यांची जमीन हवी असते; तो राजाचे कान भरतो; घरं जळतात; शेवटी राजाचे डोळे उघडतात आणि तो रडत रडत सगळ्यांना सांगतो की माणसाला माणूसच म्हणा. प्रधानाच्या तोंडी एक जबरदस्त शब्द हवा होता. गावानं दिला नाही, मग मी शोधला. त्या साली तुडतुड्यानं धानाचा सत्यानाश केला होता. तुडतुडा म्हणजे धानाच्या बुडाशी बसून रस पिणारा चिमुकला किडा. हिरवी बांधी बघता बघता करपून बसते. गावातला प्रत्येक माणूस त्या किड्याच्या नावानं दात खात होता. मी ते दात घेतले आणि प्रधानाच्या तोंडात बसवले.

तुडतुडे आले, तुडतुडे आले,
धान पिऊन गेले!
धूर करा रे, धूर करा,
कोण कोण मेले?

बाबांनी पहिल्यांदा म्हणून पाहिलं आणि ढोलकीवाला जागच्या जागी उडाला. राजाच्या शेवटच्या भाषणाला मी तेवढी मेहनत घेतली नव्हती. चांगली गोष्ट आहे, ती काय, लोक ऐकतीलच, असं मला वाटलं. आजही हेच वाटणारे विद्वान मी टीव्हीवर पाहते तेव्हा रिमोट फेकून मारावासा वाटतो.

मंडईला गावात पाय ठेवायला जागा नव्हती. जावई आलेले, लेकी आलेल्या, उसाच्या मोळ्या, जिलेबीची कढई, फुगेवाले. कॅम्पातले लोकही आले होते. शेफालीदीनं मुरमुऱ्यांचं दुकान लावलं होतं, आणि दादू तिच्यामागे पोत्यावर बसून होते. बोरकर सर गोंदियाहून मुद्दाम आले आणि छत्री टेकून पुढे बसले. बाबा आले, मिशीवर ताव दिला, आणि गाणं सुरू झालं. शिट्ट्या! टोप्या उडाल्या. लोकांनी प्रधानाला एकदा परत म्हणायला लावलं, दोनदा लावलं. पुढाऱ्यानं बक्षीस लावलं, लगेच दुसऱ्यानं त्याच्यावर बक्षीस लावलं. बाबांसारखा कलावंत, एवढं मैदान समोर डोलताना पाहून थांबेल होय? त्यांनी हात उंच करून लोकांना आपल्यामागून म्हणायला लावलं. अख्खं मैदान म्हणालं: धूर करा रे, धूर करा. मी कनातीच्या आड उभी राहून टाळ्या वाजवत होते. माझे शब्द होते ना! राजा रडायला आला तेव्हा निम्मे लोक जिलेबीकडे गेले होते, आणि उरलेले ओरडत होते, "ए राज्या, बस खाली! प्रधानाले आण!"

दुसऱ्या दिवशी गावातली लेकरं कॅम्पाच्या पोरांमागे धावत ते गाणं म्हणत होती. त्यांना वाटलं, खेळ आहे. बाबा दिसले की तर आणखी जोरात, त्यांना खूश करायला. बाबा खूश झालेही, पहिले एकदोन दिवस.

मग एका दुपारी मी ओसरीवर बसले होते. माय पानं कातरत होती, आणि कैचीच्या ठेक्यावर गुणगुणत होती. गाणं ठेक्याला फार बरोबर बसत होतं. धूर करा रे, कच, धूर करा, कच. दारात टोपली घेऊन शेफालीदी उभी होती. कधीची, कोण जाणे. मायची नजर वर गेली आणि कैची थांबली. आमच्या घरात दिवसा कैची थांबली की काय शांतता होते, ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. माय म्हणाली, "ये वो, बस." शेफालीदीनं मासे उंबऱ्याशी ठेवले आणि "आज टाइम नाही, काकी," म्हणून गेली. मायनं कैचीकडे पाहिलं, जसं काही तीच गात होती. मग माझ्याकडे वळली. "काऊन वो, हे तूच लेहलं ना? आता काढ हे माह्या तोंडातून."

काढायला मी निघाले. पारावर गेले आणि बसलेल्यांना समजावलं की प्रधान वाईट आहे, हे दाखवण्यासाठी ते गाणं होतं. "म्हणून तं मजा आली," ते म्हणाले. लेकरांना पकडून सांगितलं, हे गाणं म्हणू नका. त्यांना मनाई झाल्याचा इतका आनंद झाला की शेजारच्या गावची लेकरंही शिकली. सरपंचांकडे गेले. ते म्हणाले, "बेटा, इतनी सी बात! गाना ही तो है. बाबांना सांग, पुढच्या मंडईलेही हाच वग करू." बाजारात ढिवरांच्या एका पोरानं शेफालीदीला "ए तुडतुडे, सरक तिकडं," म्हणत टोपली पायानं सरकवली आणि आसपासचे हसले. टोपली जागेवरून जेमतेम वीतभर सरकली असेल. पण आधी त्यांची भांडणं जाळ्यावरून व्हायची, तळ्यावरून व्हायची. भांडणाला निदान विषय होता. आता विषयच लागत नव्हता.

आणि मग एका तिन्हीसांजेला गावातल्या काही रिकामटेकड्यांनी कॅम्पाच्या कुंपणाशी तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, रचून पेटवली. निव्वळ धूर केला, घरं जाळायची नव्हती, असं ते नंतर शपथेवर सांगत होते, आणि मला वाटतं ते खरंच सांगत होते. धूर कॅम्पात गेला, पोरं खोकली, हे हसत परतले. पण त्या रात्रीपासून दादूंनी सामान बांधायला घेतलं. भारी, म्हणजे उशिरा पिकणारा, धान अजून बांध्यांत उभा होता, कापायचा होता. तुडतुड्यातून वाचलेलं, सरकारनं दिलेल्या जमिनीत पहिल्यांदा नीट आलेलं पीक. शेफालीदी आणि तिचा नवरा म्हणत होते, जायचं नाही. दादू म्हणत होते, पीक ठेवा, लेकरं उचला. तिनं निरोप पाठवला: तुझ्या बाबांना घेऊन ये, आणि दादूंना सांगा की ते खोटं होतं.

बाबांनी मिशी काढून ठेवावी तसा चेहरा काढून ठेवला होता. आम्ही गेलो. अंगणात भांडी पोत्यात भरलेली होती. बाबा दादूंपुढे जमिनीवरच बसले, हात जोडले, "जय भीम" म्हणाले, आणि तो एवढासा आवाज कानावर पडताच म्हातारा मागे सरकला. पाठ भिंतीला लागेपर्यंत. बाबांना ते दिसलं. त्यानंतर ते बोलले ते जवळजवळ कुजबुजीत. "बाबूजी, ते सोंग होतं. मी तसा मानूस नाई. पोरीनं लेहलं, तिच्याही मनात काई वाईट नव्हतं."

"मालूम है," दादू म्हणाले. "तुम्हारा आवाज बहुत अच्छा है. बहुत दूर तक जाता है."

मी मध्ये पडले. मी शिकलेली ना! मी सांगितलं की मी याच विषयाचा अभ्यास करते, अशा गोष्टींचे टप्पे असतात, आमचं गाव त्या टप्प्यापर्यंत गेलेलं नाही. दादूंनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हमारे गाँव में भी पहले गाना ही था. हम भी हँसा था." आणि पोत्याचं तोंड बांधायला लागले.

मी गोंदियाला सरांकडे धावले. सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत पुसला. "हे लिहून काढ," ते म्हणाले. "फार महत्त्वाचं आहे." मी ओरडले त्यांच्यावर. कॉलेजच्या व्हरांड्यात, सगळ्यांसमोर. लिहून काय काढू सर? ते जाऊन राहिले! सर पुढच्या बाजाराला मात्र छोट्या गाडीनं आले आणि शेफालीदीच्या टोपलीशेजारी छत्री उघडून दिवसभर बसले. जाताना मासे विकत घेतले. सर शाकाहारी होते. त्या माशांचं काय केलं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. कुणी त्यांना पाहून गप्प झालं, कुणी झालं नाही. हे उपाय म्हणून सांगत नाही. सरांनाही दुसरं काही सुचलं नव्हतं.

दादू थोरल्या मुलाला आणि त्याच्या लेकरांना घेऊन गेले. दूरच्या दुसऱ्या कॅम्पात त्यांचे नातलग होते तिकडे. सौंदडच्या फलाटावर पोती, एक कंदील आणि कोंबड्यांची टोपली. मायनं लाखोरीचे वडे बांधून दिले होते. थोरल्या सुनेनं घेतले, दादूंनी पाहिलं नाही. शेफालीदी आणि तिचा नवरा धान कापायला मागे राहिले आणि कायमचे राहिले. बाबांनी पुढे दंडार सोडली. लोक पुढची कित्येक वर्षं त्यांना विचारत, प्रधान काऊन नाही करत? ते म्हणत, गळा गेला. गळा गेला नव्हता.

मागे माझ्या नातवानं मला घरच्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये घातलं. गोंदियापासून चिचगडपर्यंतचे सगळे भाचे, पुतणे, त्यांच्या सुना, फुलांची चित्रं, सुप्रभात. त्यात परवा एका पुतण्यानं कॅम्पातल्या जमिनींच्या पट्ट्यांवरून काहीतरी पुढे ढकललेलं पाठवलं. कुणीतरी लांबच्यानं लिहिलेलं; त्याला आमचं गाव ठाऊक असायचं कारण नाही. पहिल्याच ओळीत: तुडतुडे. मी चष्मा लावून, एक एक अक्षर दाबत लिहिलं की हा शब्द मी बनवला आहे, एका दंडारीत, प्रधानासाठी. तो खोटा आहे. त्यापायी एक म्हातारा माणूस उभं पीक टाकून गेला. खाली सहा-सात हसरे चेहरे आले. पुतण्यानं लिहिलं, "काकू, जोक आहे." एका सुनेनं लिहिलं, "काकूंचा तोच मेसेज परत." खरं आहे तिचं. मी तोच पाठवते. दर वेळी. नातू म्हणतो, आजी, एवढं मनावर कायले घेतेस, ग्रुप म्यूट कर. मी म्हणते, तुझं तोंड म्यूट कर. चिडते, फोन उशीखाली टाकते, थोड्या वेळानं काढून परत पाहते. कुणी काही म्हटलेलं नसतं.

हे मी का करते, ते सांगायचं राहिलं. दादूंची गाडी गेली, त्यानंतरच्या पहिल्या बाजाराच्या सकाळी मी कॅम्पात गेले होते. माफी मागायला. रस्ताभर भाषण तयार केलं होतं आणि अंगणात पोचताच रडायला लागले. चांगली हुंदके देऊन रडले, कुणीतरी जवळ घ्यावं अशा बेतानं. शेफालीदी मासे टोपलीत लावत होती. तिनं लावून होऊ दिले, वर ओलं फडकं टाकलं, आणि टोपली माझ्या पायाशी आणून ठेवली.

"रोना बाद में," ती म्हणाली. "आधी ही टोपली उचल, बाजार भर रहा है. माझ्या बाजूला बस. जो बोलेगा ना, उसको तू बोल, हे मी बनवलं, झूठ आहे. दर टाइम बोल. मेरे बोलने से कौन मानेगा? मैं तो तुडतुडा."